गरोदरपण ते बाळंतपण: ठाणे-नवी मुंबईच्या वर्गांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी बरीच वर्षं प्रसूती कक्षात नोकरी केली, आता ठाण्यात आणि ऐरोलीत गरोदर बायकांचे वर्ग घेते. वर्ग कुठलाही असो, प्रश्न बहुतेक तेच येतात. काही बाई स्वतः विचारते, काही सासूबाईंनी विचारायला सांगितलेले असतात आणि काही नवरा दारात घुटमळत शेवटी विचारतो. मला एक गोष्ट सतत दिसते. घराघरांत काळजी भरपूर आहे, पण ती ग्रहण, पपई आणि पोटाच्या आकारावर खर्च होते. बीपी, हिमोग्लोबिन आणि बाळाची हालचाल यांच्या वाट्याला मग फारशी उरत नाही. म्हणून हे लिहून काढलं. औषधांचे डोस आणि तपासण्या मात्र तुमच्या फाईलवर तुमच्या डॉक्टरांनी लिहिल्या असतील त्याच धरा.

रिपोर्टवर सात आठवडे लिहिलंय. आमचं लग्न होऊन पाचच झालेत. हे कसं?

हा प्रश्न हळू आवाजात येतो, आणि बहुतेक वेळा सासूबाईंच्या कपाळावर आठी पडून गेल्यावर येतो. रिपोर्ट बरोबर आहे आणि सूनही बरोबर आहे. गरोदरपणाचे आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पाळी २८ दिवसांची असेल तर स्त्रीबीज बाहेर पडतं सुमारे चौदाव्या दिवशी. म्हणजे पहिले दोन आठवडे पोटात काहीच नसतं, तरी ते हिशेबात धरले जातात. कारण साधं आहे: बीज कधी फळलं ते कुणाला कळत नाही, पाळीची तारीख मात्र लक्षात असते.

एकूण ४० आठवडे, म्हणजे २८० दिवस. आजीच्या तोंडचे 'नऊ महिने नऊ दिवस' तीस दिवसांच्या महिन्याने मोजून बघा, २७९ येतात. तारीख काढायची तर पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. पाळी १० जूनला आली असेल तर तारीख १७ मार्च. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी जास्त खरी. शेवटच्या महिन्यातल्या सोनोग्राफीत तारीख मागेपुढे झाली म्हणून घाबरू नका. तेव्हा मशीन बाळाच्या मापावरून अंदाज करतं, आणि बाळं काही एका मापाची नसतात.

ठरलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच. ३७ ते ४२ आठवड्यांच्या मधे कधीही आलं तरी ते वेळेवर आलं असंच म्हणतात. म्हणून मंगल कार्यालयाचं बुकिंग त्या तारखेवर करू नका.

पहिल्या दोन महिन्यांत पोट दिसत नाही. मग आत चाललेलं तरी काय असतं?

सगळ्यात जास्त काम तेव्हाच चालू असतं! स्त्रीबीज आणि शुक्राणू भेटतात ते गर्भाशयात नाही, बीजवाहक नलिकेत. स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकतं, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. फळलेलं बीज एका पेशीचं दोन, दोनाचं चार असं वाढत नलिकेतून गर्भाशयाकडे सरकतं. पाचव्या दिवसाच्या सुमारास त्याचा आतून पोकळ गोळा बनतो. त्याच्या बाहेरच्या थरापासून पुढे वार (प्लॅसेंटा) होणार असते आणि आतल्या पेशींच्या पुंजक्यापासून बाळ. सहाव्या ते दहाव्या दिवसांत हा गोळा गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो. रुजल्यावरच तो एचसीजी नावाचं संप्रेरक सोडतो, आणि घरच्या किटवर दुसरी रेघ उमटते ती त्यामुळे. पाळी चुकण्याआधीच रोज किट आणून बघणाऱ्यांनी थोडे पैसे वाचवावेत.

पुढचं वेगाने होतं. बीज फळल्यापासून सुमारे बाविसाव्या दिवशी हृदय धडधडू लागतं. त्या वेळी ते एका नळीसारखंच असतं, कप्पे नंतर पडतात. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून बनतात ती नळी दोन्ही टोकांना मिटते. आठव्या आठवड्याच्या अखेरीस बहुतेक सगळ्या अवयवांची मांडणी झालेली असते. पाळीपासून मोजलं तर तेव्हा दहा आठवडे झालेले असतात. त्यानंतरचे सात महिने मुख्यतः वाढ आणि पक्वता यांचे. बाराव्या आठवड्याला डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी पाच-सहा सेंटिमीटर, विसाव्याला वजन सुमारे ३०० ग्रॅम, अठ्ठाविसाव्याला किलोभर.

फॉलिक ॲसिड तिसऱ्या महिन्यापासून घेतलं तर चालेल ना?

घ्याच, पण जे काम त्याच्याकडून हवं होतं त्याची वेळ निघून गेलेली असते. वर सांगितलेली नळी मिटते तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, आणि अनेकींना आपण गरोदर आहोत हेच माहीत नसतं. नळी नीट मिटली नाही तर मणक्यात किंवा कवटीत गंभीर दोष राहतो. म्हणून मूल हवं असं ठरलं की त्याच महिन्यापासून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करायची. आधीच्या बाळाला असा दोष असेल किंवा तुम्हाला फिट्स अथवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर डोस वेगळा असतो, तो डॉक्टरांकडून घ्या. इतकी स्वस्त गोळी, पण लग्नाच्या याद्यांत हिला कधी जागा मिळाल्याचं ऐकलं नाही.

ग्रहणात विळीवर भाजी चिरली. बाळाचा ओठ फाटेल का?

नाही. वरच्या ओठाचे भाग एकमेकांना जुळतात ते बीज फळल्यापासून चौथ्या ते सातव्या आठवड्यात. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाला तिथे करण्यासारखं काही उरलेलंच नसतं. ग्रहणात त्रास होतो तो तासन् तास पाणीही न पिता एका जागी बसवून ठेवल्याचा. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका, पण ते तर कुणीच बघू नये.

पपई, तीळ, मासे? आमच्याकडे बोंबलाशिवाय जेवण होत नाही.

कच्च्या पपईत चीक असतो, ती टाळा. पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनी गर्भ पडत नाही. जेवणातल्या तिळानेही नाही. केशर घातलेल्या दुधाने बाळ गोरं होत नाही, दूध मात्र पोटात जातं, एवढा त्याचा फायदा.

माशांचं विचाराल तर चेंदणी कोळीवाड्यातली आणि दिवाळ्याची बाई इतरांपेक्षा नशीबवान आहे. बोंबील, बांगडा, मांदेली, कोळंबी नीट शिजवून खुशाल खा. प्रथिनं मिळतात, आणि बांगड्यासारख्या तेलकट माशात बाळाच्या मेंदूला उपयोगी अशी चरबी असते. मोरी मात्र या दिवसांत नको. मोरी म्हणजे शार्क. लहान मासे खाऊन जगणाऱ्या अशा मोठ्या माशांच्या अंगात पारा साठत जातो. बीपी वाढलेलं असेल तर सुकट, जवळा, सुके बोंबील यांतल्या मिठाकडेही बघा.

दोन जिवांची आहेस, दुप्पट खा, असं सगळे म्हणतात.

नको. चौथ्या महिन्यापासून रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर दोन पोळ्या आणि वाटीभर घट्ट आमटी. वाढवायचं ते वरण, उसळ, अंडं, दूध, पालेभाजी. भात दुप्पट केल्याने वजन वाढतं, रक्त वाढत नाही.

लोहाच्या गोळीने संडास काळी होते, मळमळतं. बंद केली तर?

करू नका. काळी संडास म्हणजे गोळीतलं उरलेलं लोह, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रात्री झोपताना घ्या, वर लिंबूपाणी किंवा आवळा. चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर मात्र घेऊ नका, दोन्ही लोह शोषू देत नाहीत. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं तर रक्त कमी, ७ च्या खाली गेलं तर धोका. बाळंतपणात प्रत्येकीचं थोडं रक्त जातंच. ज्या बाईकडे मुळात शिल्लक आहे तिला ते झेपतं. माझ्या मते गरोदरपणातल्या सगळ्या आकड्यांत घरच्यांनी पाठ करावा असा आकडा हा एकच.

मुलगा की मुलगी हे कधी ठरतं? आणि सोनोग्राफीत सांगत का नाहीत?

बीज फळतं त्याच क्षणी ठरतं. स्त्रीबीजात कायम एक्स गुणसूत्र असतं. शुक्राणू एक्स घेऊन आला तर मुलगी, वाय घेऊन आला तर मुलगा. तेव्हा 'हिला मुलीच होतात' हे वाक्य निदान जीवशास्त्राच्या आधारावर तरी सुनेकडे बोट दाखवून म्हणता येत नाही. पोट टोकदार की पसरट, डोहाळे गोडाचे की आंबटाचे, याचा लिंगाशी काही संबंध नाही.

सांगत नाहीत कारण तो गुन्हा आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये याविरुद्ध कायदा केला आणि त्यानंतर १९९४ मध्ये देशभरासाठी कायदा झाला. सांगणारा, विचारणारा आणि त्यासाठी बाईवर दबाव टाकणारा, तिघंही त्यात येतात. सोनोग्राफी केंद्रात ओळखपत्र घेऊन फॉर्म भरून घेतात तो याच कायद्यामुळे, त्यावर चिडू नका. 'पेढा की बर्फी' असल्या खुणा विचारणाऱ्या नातेवाइकाला बाहेर बाकावर बसवा.

इतक्या सोनोग्राफी कशाला? बाळाला किरणांचा त्रास होत नाही का?

त्यात किरण नसतात, आवाजाच्या लहरी असतात. तो एक्स-रे नव्हे. दोन सोनोग्राफींच्या बाबतीत मात्र वेळ चुकवून चालत नाही. एक ११ ते १४ आठवड्यांच्या मधली, तिच्यात बाळाच्या मानेमागचा द्राव मोजतात. दुसरी १८ ते २० आठवड्यांची, तिच्यात एकेक अवयव तपासतात. ही दुसरी लांबवली आणि काही गंभीर निघालं, तर निर्णयाला वेळ उरत नाही. गावी जायचंय म्हणून ती पुढे ढकलणाऱ्या दर वर्गात निघतात. बाकी सोनोग्राफी किती, ते गरजेवर.

गर्भसंस्काराचे वर्ग लावू का? बाळ आतून ऐकतं ना?

ऐकतं. २४-२५ आठवड्यांच्या सुमारास ते आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं. आत शांतता मुळीच नसते. आईच्या हृदयाचे ठोके, आतड्यांची गुरगुर, तिच्या रक्तवाहिन्यांची सळसळ चोवीस तास चालू असते. बाहेरचे आवाज त्यातून गाळून, दबक्या स्वरात पोचतात. आईचा आवाज मात्र तिच्या शरीरातूनच जातो, आणि जन्मल्यावर बाळ तो ओळखतं हे प्रयोगांत दिसलेलं आहे.

चक्रव्यूहाची गोष्ट आपल्याला सगळ्यांना आवडते. पण पोटावर हेडफोन लावून बाळ हुशार झाल्याचा पुरावा नाही. गाणं, वाचन, श्वासाचे व्यायाम यांनी तुम्हाला बरं वाटत असेल तर जरूर करा. हजारो रुपये घेऊन 'दिव्य संतती'ची हमी देणाऱ्याकडे जाऊ नका. त्याच पैशांत सगळ्या रक्ततपासण्या होतील.

बाळ आत श्वास कसं घेतं? पाण्यात गुदमरत नाही?

आत फुप्फुसांना प्राणवायू आणण्याचं काम नसतंच. ते काम वार करते. वारेत आईचं रक्त आणि बाळाचं रक्त अगदी जवळून वाहतं, पण एकमेकांत मिसळत नाही. मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू आणि अन्न इकडून जातं, कार्बन डायऑक्साइड आणि टाकाऊ पदार्थ तिकडून येतात. म्हणूनच आई आणि बाळ यांचे रक्तगट वेगळे असले तरी निभावतं. आई आरएच निगेटिव्ह (रक्तगटापुढे उणे चिन्ह) असेल तर मात्र अँटी-डीचं इंजेक्शन लागतं. ते सहसा २८ आठवड्यांना देतात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. हे फाईलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून घ्या.

ज्या पाण्यात बाळ तरंगतं ते पाचव्या महिन्यानंतर बहुतांशी बाळाचीच लघवी असते. बाळ ते पितं आणि पुन्हा बाहेर टाकतं. हे सांगितलं की वर्गात नाकं मुरडली जातात, पण पाणी पुरेसं असणं म्हणजे बाळाची मूत्रपिंडं काम करताहेत आणि वार नीट चालली आहे.

रिपोर्टमध्ये 'नाळेचा वेढा' लिहिलंय. आता सिझरच का?

नाही. चार-पाचांतल्या एका बाळाच्या गळ्याभोवती जन्माच्या वेळी वेढा असतोच. नाळ सुमारे अर्धा मीटर लांब आणि बाळ दिवसभर कोलांट्या मारणारं, मग दुसरं काय होणार? वेढा बहुतेक वेळा सैल असतो, डोकं बाहेर आलं की वरून सहज काढता येतो. नुसत्या या एका ओळीवर सिझर ठरवत असतील तर दुसरं मत घ्या.

हालचाल कधी जाणवते? शेवटी जागा कमी पडते म्हणून कमी होते ना?

पहिल्या खेपेला १८ ते २० आठवड्यांत, दुसऱ्या खेपेला थोडी आधी. सुरुवातीला पोटात वायू सरकल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या भागाचं उत्तर मात्र ठाम 'नाही' असं आहे. शेवटच्या महिन्यात हालचालीची तऱ्हा बदलते, लाथेऐवजी ढुशी आणि लोळणं जाणवतं. पण हालचाल मंदावत नाही. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर दिवसातून एकदा, जेवणानंतर, डाव्या कुशीवर पडून मोजा. दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. झाल्या नाहीत, किंवा नेहमीपेक्षा बाळ गप्प वाटलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सकाळपर्यंत वाट बघू नका, आणि 'थंड सरबत पी, हलेल' या सल्ल्यावर रात्र काढू नका. तपासून सगळं ठीक निघालं तर उत्तमच. फुकट फेरी झाली म्हणून शहाणे डॉक्टर रागावत नाहीत.

सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं नाही. हे खरं का?

डोहाळजेवणाला आलेल्या बायकांपैकी निम्म्या तरी हे ठामपणे सांगतील. अगदी उलट आहे. बाळ आत जितकं जास्त राहील तितकं त्याचं जगणं सोपं. फुप्फुसांतल्या बारीक पिशव्या श्वास सोडल्यावर चिकटू नयेत म्हणून आत एक स्निग्ध द्रव्य तयार होतं. ते २४ आठवड्यांच्या सुमारास सुरू होतं आणि ३४-३५ आठवड्यांपर्यंत पुरेसं साठतं. आठव्या महिन्यातल्या बाळाकडे ते सातव्यातल्या बाळापेक्षा जास्तच असणार.

३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. ती बाळाच्या फुप्फुसांसाठी असतात. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी १९७२ मध्ये हा उपाय दाखवून दिला. 'स्टेरॉइड' शब्द ऐकून नातेवाईक हुज्जत घालतात आणि त्यात तास निघून जातात. ती घालू नका.

ठाणे स्टेशनवरून रोज वाशीला लोकलने जाते. सोडू का नोकरी?

सगळं ठीक असेल तर प्रवासाने गर्भ पडत नाही. पहिल्या तीन महिन्यांतले बहुतेक गर्भपात गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात, लोकलच्या धक्क्यांमुळे नव्हे. गर्दीत पोटावर कोपर बसणं आणि चालत्या गाडीत चढणं हे खरे धोके. दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बायकांना परवानगी आहे, बिनधास्त चढा आणि फाईल जवळ ठेवा. वार खाली असेल, रक्त जात असेल किंवा गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल तर गोष्ट वेगळी.

बाकी सगळं सोडा, कशाला घाबरायचं ते सांगा.

डोकं असं दुखणं की गोळीनेही थांबत नाही. डोळ्यांपुढे चमकणं किंवा अंधारी. चेहरा आणि हात सुजणं, पायातले जोडे घट्ट होणं वेगळं. छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात दुखणं. विसाव्या आठवड्यानंतर यांतलं काहीही झालं तर त्याच तासाला बीपी मोजून घ्या. १४० वर ९० किंवा त्याच्या पुढे असेल तर थेट रुग्णालय. हे बीपी वाढलं की झटके येऊ शकतात. त्यातून आई जाते आणि बाळही जातं. 'पित्त झालंय' म्हणून घरी झोपवलेल्या बायका मी नोकरीत असताना स्ट्रेचरवरून आत येताना पाहिल्या आहेत.

शिवाय कधीही रक्त जाणं, अंगावरून पाणी जाणं, ताप, झटका, धाप. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत येते.

कळा खऱ्या की खोट्या कसं ओळखायचं? आम्ही घोडबंदर रोडला राहतो.

पत्ता आधी सांगितलात ते बरं केलंत.

खोट्या कळा अनियमित असतात, चालल्यावर किंवा कूस बदलल्यावर थांबतात. खऱ्या कळा कंबरेतून पुढे येतात, त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं आणि जोर वाढत जातो. पुस्तकात लिहिलेलं असतं की पहिलटकरणीने पाच मिनिटांच्या अंतराने, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर आल्या की निघावं. कासारवडवलीहून सकाळी नऊला माजिवड्याकडे यायचं असेल तर मी म्हणते, सात-आठ मिनिटांचं अंतर असतानाच निघा. दुसरी खेप असेल तर त्याहून आधी, कारण दुसरं बाळ थांबत नाही. पावसाळ्यात वंदना टॉकीजच्या बाजूला पाणी भरलं असेल तर कुठल्या रस्त्याने जायचं ते नवऱ्याने आधीच एकदा गाडी नेऊन बघावं. रात्री बाराला तोच रस्ता वीस मिनिटांचा असतो, त्यावरून हिशेब करू नका. पाणी गेलं, रक्त गेलं किंवा हालचाल कमी झाली तर कळांची वाट बघायचीच नाही.

पिशवी छत्तिसाव्या आठवड्याला भरून दारामागे ठेवा. फाईल, रक्तगटाचा कागद, आधार, दोन गाऊन, जाड पॅड, बाळासाठी धुतलेली जुनी सुती लुगडी. नवे कोरे झबले आधी धुवा, खळीने बाळाची कातडी लाल होते.

प्रत्यक्ष बाळंतपणात होतं तरी काय? कुणी नीट सांगतच नाही.

गर्भाशयाचं तोंड एरवी तीन-चार सेंटिमीटर लांब आणि घट्ट मिटलेलं असतं. कळांनी ते आधी पातळ होतं, मग उघडत दहा सेंटिमीटरपर्यंत जातं. पहिला टप्पा हाच, आणि सगळ्यात लांब. पाच सेंटिमीटरपर्यंतचा वेळ कितीही लागू शकतो. तिथून पुढे पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत लागले तरी ते नेहमीचंच. या वेळात चालावं, कूस बदलावी, पाणी प्यावं. सतत उताणं पडून राहू नये. 'अजून किती आहे?' असं दर दहा मिनिटांनी विचारणारे नातेवाईक बाहेर असले तर बरं. सोबतीला एक जवळची बाई मात्र आत हवी. सरकारी रुग्णालयांतही तशी परवानगी देण्याचं धोरण आहे. आधीच विचारून ठेवा.

मग बाळाचं वळणं सुरू होतं. आईच्या कमरेच्या हाडांची वाट वर आडवी रुंद असते आणि खाली उभी. म्हणून बाळ हनुवटी छातीला टेकवून, तोंड आईच्या मांडीकडे करून आत शिरतं आणि खाली येता येता वळून तोंड आईच्या पाठीकडे करतं. मग मान मागे टाकत आधी टाळू, नंतर कपाळ, नाक, हनुवटी असं बाहेर येतं. डोकं बाहेर आलं की ते पुन्हा बाजूला वळतं, कारण आता खांद्यांना वाट हवी असते. कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात, ती एकमेकांवर थोडी सरकतात. जन्मल्यावर डोकं लांबट दिसतं ते त्यामुळे. काही दिवसांत आपोआप गोल होतं, तेल लावून दाबायची गरज नाही.

बाळ आलं की आईला लगेच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, म्हणजे गर्भाशय आवळतं आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. नाळ निदान एक मिनिटभर न कापता ठेवली तर वारेतलं रक्त बाळाला मिळतं. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत वार पडते, पाऊण वितीची आणि अर्धा किलोची. नर्स ती ट्रेमध्ये पसरून दिव्याखाली एकेक भाग जुळवून बघते. एक तुकडा जरी आत राहिला तरी रक्त थांबत नाही. घरचे तेव्हा पेढ्यांची ऑर्डर देत असतात. आमचं लक्ष मात्र पुढचे दोन तास आईच्या रक्तस्रावाकडेच असतं.

डॉक्टर मुद्दाम सिझर करतात का?

सरळ उत्तर: काही ठिकाणी नको तितकी होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाल्याचं दिसलं, खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. बायकांची शरीरं दवाखाना बघून बदलत नाहीत. पण हेही तितकंच खरं की वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, बाळ आडवं असेल किंवा बाळाचे ठोके मंदावत असतील तर सिझर जीव वाचवतं. कारण विचारा, ते फाईलवर लिहून घ्या. मुहूर्त काढून ३९ आठवड्यांच्या आधी सिझर करून घेऊ नका. कळांच्या ताणात बाळाची फुप्फुसं आतलं पाणी शोषून घ्यायला लागतात. ते झालं नाही तर जन्मल्यावर बाळाला धाप लागते आणि पहिला दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) जातो.

पूर्वी सुईण घरीच करायची. तेव्हा काय बायका मरत होत्या?

हो, मरत होत्या. बाळंही मरत होती. कल्याणच्या आनंदीबाई जोशींचंच घ्या. चौदाव्या वर्षी बाळंतपण झालं आणि बाळ दहा दिवसांत गेलं. त्या पुढे अमेरिकेत जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्रच होता. सुईणीच्या हाताला कसब होतं, नाही असं नाही. पण तिच्याकडे रक्ताची बाटली नव्हती.

बाळ लगेच रडलं नाही तर?

आत असताना बाळाची फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात आणि रक्त त्यांना वळसा घालून जातं. त्यासाठी हृदयाच्या दोन कप्प्यांमध्ये एक झडपेचं छिद्र असतं आणि हृदयाबाहेर एक जोडनळी. पहिल्या श्वासाबरोबर फुप्फुसं फुलतात, रक्त तिकडे धावतं, दाब उलटा होतो आणि झडप बंद होते. जोडनळीही पुढच्या दोन-तीन दिवसांत आवळून मिटते. दहांतल्या नऊ बाळांना हे जमतं. उरलेल्या एकाला पुसणं, पाठ चोळणं, कधी मास्कने हवा देणं लागतं, आणि तेही पहिल्या मिनिटात. उलटं धरून फटका मारायचे दिवस गेले.

फाईलवर '८/१०, ९/१०' असं दिसेल तो अपगार गुण. व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ बाईंनी १९५२ मध्ये ही पद्धत काढली. पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला रंग, ठोके, प्रतिसाद, स्नायूंचा ताठपणा आणि श्वास बघतात. तो मुलाच्या हुशारीचा निकाल नाही. शेजारच्या बाळाशी तुलना करू नका.

पहिलं दूध पिळून टाकायचं ना? आणि मध चाटवायचा?

दोन्ही नको. चीक पिवळसर, घट्ट आणि थोडाच असतो, पण त्यात रोगप्रतिकारक द्रव्यं ठासून भरलेली असतात. तासाभराच्या आत बाळाला छातीशी धरा, सिझर झालं असलं तरी. मध, गुटी, साखरपाणी, ग्राइप वॉटर काही नाही. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. मधातून लहान बाळाला बोट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी विषबाधा) होऊ शकतो, वर्षभर मध लांब ठेवा. पहिल्या काही दिवसांत वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दोन आठवड्यांत भरून येतं. एवढ्यावरून दूध पुरत नाही असं ठरवून डबा आणू नका.

शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू?

लाडू खा. अळीव, डिंक, मेथी, खारीक, पोषण चांगलं आहे, फक्त तुपाचा हात आवरा. कोमट तेलाने अंग चोळून घ्या, बरं वाटतं. पण पंधराव्या मजल्यावरच्या वन बीएचकेत खिडक्या लावून कोळशाची शेगडी आणि ओवा-वावडिंगाची धुरी अजिबात नको. बंद खोलीत कोळशाच्या विषारी वायूने आई आणि बाळ दोघंही गुदमरू शकतात. नाळेच्या देठावर हळद, तेल, राख काही लावू नका. कोरडी ठेवली की एक-दोन आठवड्यांत पडते. पहिल्या चोवीस तासांतच बाळ पिवळं दिसलं तर कोवळ्या उन्हात धरण्याचा घरगुती उपाय करत बसू नका, तपासून घ्या.

सरकारी मदत काही मिळते का?

मिळते, फक्त नोंदणी लवकर करा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर मोफत तपासणी होते. अटींत बसत असाल तर मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. त्यासाठी आशाताईला किंवा अंगणवाडीत विचारा. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नवी मुंबई महापालिकेची वाशी, नेरुळ, ऐरोलीची रुग्णालयं ही सरकारी सोय आहे. नोकरदार बाईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा असते, त्यांतले जास्तीत जास्त आठ तारखेच्या आधी घेता येतात.

जन्मदाखल्यासाठी बारशापर्यंत थांबायचं का?

थांबू नका. नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. बाळंतपण रुग्णालयात झालं असेल तर तेच महापालिकेला कळवतात, पण आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग फॉर्मवर तुम्ही स्वतः वाचा. चुकीची दुरुस्ती करायला नंतर खेपा पडतात. बाळाचं नाव ठरलं नसेल तर ती जागा रिकामी ठेवता येते. वर्षाच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. तेव्हा दोन-तीन प्रती जास्त काढून ठेवा.